पाखरं राखणारा डेबू

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण पास होण्यापुरता. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी आणि मैत्रिणींमध्ये हिंदी, अशी माझ्या भाषेची खिचडी झालेली आहे. त्यामुळे लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मागच्या वर्षी मी इंग्रजी विभागात कविता दिली होती. यंदाचा विषय मात्र मला मराठीतच सुचला, त्याला काय करणार!

आपल्या मार्कशीटवर सगळ्यात वर एक नाव छापलेलं असतं. आपण आधी एसजीपीए बघतो, मग बॅक लागली का ते बघतो, मग बाजूच्याला किती पडले ते बघतो. वरचं नाव कोणीच वाचत नाही. ज्याने आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही अशा माणसाचं ते नाव आहे. संत गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर मडकं आणि ग्रामस्वच्छता अभियान, एवढीच माझी त्यांच्याबद्दलची माहिती होती. पाच सेमिस्टर मी त्यांच्या नावाच्या मार्कशीट फाईलला लावल्या आणि विसरून गेले. ते नाव नीट वाचायला मला लावलं ते आमच्या आजीच्या पोपटाने.

माझं आजोळ मूर्तिजापूर तालुक्यात आहे. आजोबा गेले तेव्हा आजी एकटी पडली म्हणून कोणीतरी तिला पोपटाचं पिल्लू आणून दिलं. पिंजऱ्यासकट. त्याचे पंख आधीच कापलेले होते. पुढे पंख आले, पण पिंजऱ्याचं दार काही उघडलं नाही. नऊ वर्षं मिठू त्या पिंजऱ्यात होता. सकाळी आजी चहाच्या आधी त्याला भिजवलेली डाळ आणि हिरवी मिरची द्यायची. तो तिला माय म्हणायचा. आम्ही कोणी आलो की शिट्टी मारायचा. आजीचा खरा नातू तोच होता म्हणा ना.

मागच्या उन्हाळ्यात परीक्षा संपवून मी आजोळी गेले. त्या दिवसांत माझ्या डोक्यात स्वातंत्र्य, हक्क वगैरे बरंच काही शिरलेलं होतं. एका दुपारी आजी झोपली असताना मी पिंजऱ्याचं दार उघडलं. मिठू बराच वेळ बाहेर यायलाच तयार नव्हता. मग पिंजऱ्याच्या टपावर आला, तिथून कसाबसा अंगणातल्या कडुनिंबावर गेला. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढायला मोबाईल आणायला आत धावले. बाहेर आले तोपर्यंत कावळ्यांनी त्याला घेरलं होतं. त्याला धड उडता येत नव्हतं. नऊ वर्षांत तो एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर, एवढंच उडाला होता. तो भिंतीपलीकडे पडला आणि संध्याकाळपर्यंत गेला.

आजी मला एक शब्द बोलली नाही. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने पिंजरा धुतला आणि पुन्हा त्याच खुंटीला रिकामा टांगला. तिसऱ्या दिवशी रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या तिने आपण होऊन बोलायला सुरुवात केली. मला वाटलं आता मिठूचं काढणार. पण ती सांगू लागली डेबूची गोष्ट. तिच्या वडिलांनी गाडगेबाबांची कीर्तनं समोर बसून ऐकली होती. बाबांचं लहानपण जिथे गेलं ते दापुरे आमच्याच मूर्तिजापूर तालुक्यातलं. तिने सांगितलं त्यातलं काही आणि नंतर मी लायब्ररीत वाचलं त्यातलं काही, असं मिळून हे चरित्र लिहिते आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावला. घर परिटाचं. लोकांचे कपडे धुवायचे आणि त्यावर पोट भरायचं. वडिलांना दारूचं व्यसन लागलं आणि त्या व्यसनातच ते गेले. डेबू तेव्हा अगदी लहान होता. आई सखुबाई पोराला घेऊन आपल्या माहेरी, दापुऱ्याला आली. मामा चंद्रभानजी शेतकरी होते. डेबू तिथे ढोरं राखायला लागला. शाळा नाही, पाटी नाही. सकाळी ढोरं घेऊन रानात जायचं, शेण काढायचं, भाकर खायची आणि रात्री भजनात बसायचं. पूर्णा नदीत पोहण्यात तो पटाईत होता. थोडा मोठा झाल्यावर वावरातली सगळी कामं त्याच्या अंगावर आली. नांगर, वखर, पेरणी, सोंगणी, सगळं. आणि पीक उभं राहिलं की पाखरं राखणं.

हे पाखरं राखणं म्हणजे काय ते हॉस्टेलमधल्या शहरी मुलांना सांगावं लागेल. आता आपल्या वऱ्हाडात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन आणि कपाशी दिसते, पण त्या काळी वावरात ज्वारी असायची. कणसात दाणा भरला की चिमण्या, पोपट, मैना यांचे थवेच्या थवे उतरायचे. मग वावराच्या मधोमध उंच माळा बांधायचा, त्यावर गोफण घेऊन उभं राहायचं आणि दिवसभर ओरडून ओरडून पाखरं हाकायची. गंमत बघा, काम पाखरांना हाकलण्याचं, पण आपली भाषा त्याला पाखरं राखणं म्हणते!

गाडगेबाबांच्या चरित्रांत इथलाच एक प्रसंग सांगतात. डेबू असाच माळ्यावरून पाखरं हाकत होता. बांधावरून एक साधू चालला होता. तो थांबला आणि त्याने डेबूला विचारलं की या दाण्याचा मालक तू आहेस का. बस्स, एवढंच. साधू निघून गेला, पण प्रश्न डेबूच्या डोक्यात राहिला. दाणा पेरला मी, पण उगवला कोणामुळे? पाऊस माझा नाही, ऊन माझं नाही, जमीनसुद्धा माझ्या आधी होती आणि माझ्यानंतर राहील. मग मी मालक कसा? आणि मी मालक नसेन तर ही पाखरं चोर कशी?

आजी इथे थांबली आणि तिने एक गोष्ट स्पष्ट करून सांगितली. डेबूने दुसऱ्या दिवशी शेती सोडली नाही. माणसालाही पोट आहे. तो त्यानंतर कितीतरी वर्षं राबतच राहिला. आमच्या आजीचा हा गुण आहे, संतांची गोष्ट सांगतानाही ती वावराचा हिशोब सोडत नाही. पण मालक कोण, हा प्रश्न डेबूने सोडला नाही हेही खरं.

त्याचं दुसरं उत्तर त्याला सावकाराने दिलं. मामांनी कर्ज काढलं होतं. सावकाराचे कागद मामांना वाचता येत नव्हते. अंगठे उठत गेले आणि एक दिवस जमीन सावकाराच्या घशात गेली. मामा त्या धक्क्यातून सावरले नाहीत. डेबू मात्र सावकाराच्या माणसांपुढे वावरात उभा ठाकला आणि जमिनीसाठी भांडला. अक्षर न येणं काय असतं आणि भीती काय असते, हे त्याने तेव्हा पाहिलं. पुढे आयुष्यभर त्याने कीर्तनात दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. कर्ज काढून सण करू नका आणि पोरांना शाळेत घाला. एक वेळ ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शिकवा, असं ते बजावायचे. फी भरताना हे आठवलं की घशात काहीतरी अडकतं.

१८९२ साली डेबूचं लग्न कुंताबाईंशी झालं. मुली झाल्या. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे बकरं कापायचं आणि दारू पाजायची, हे ठरलेलंच होतं. डेबूने नाही म्हटलं. गोडाधोडाचं जेवण केलं. भाऊबंद चिडले, नावं ठेवली. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण खेड्यात जातभाईंच्या पंगतीत असं करायला काय छाती लागते ते आमच्या आजीला विचारा. एका लेकराच्या आनंदासाठी दुसऱ्या जिवाची मान कापायची, हे त्याला पटत नव्हतं. ज्या दारूने बाप नेला ती दारू पोरीच्या बारशाला नको होती. एवढं साधं होतं ते.

आणि मग १ फेब्रुवारी १९०५ ला डेबूने घर सोडलं. वय अठ्ठावीस. अंगावर फाटके कपडे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मातीचं फुटकं गाडगं. इथे मी थोडी अडखळले, खरं सांगते. आई, बायको आणि लेकरं मागे टाकून जाणं हे बरोबर की चूक? एक जण पिंजऱ्यातून उडाला, पण मागे राहिलेल्यांनी काय केलं असेल? कुंताबाईंनी काय काय सोसलं असेल, हे पुस्तकांत फार सापडत नाही. मी या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. फक्त एवढं दिसतं की हा माणूस सुखासाठी उडाला नाही. उडाला आणि आयुष्यभर लोकांच्या दारात राबला.

बारा वर्षं ते भटकले. कोणी वेडा समजून दगड मारले, कोणी भाकर दिली. त्यांची पद्धत ठरलेली होती. गावात शिरायचं आणि काही न बोलता खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचं. गटार साफ करायची. कोणाकडे भाकर मागायची तर आधी काम करायचं, लाकडं फोडायची, मगच खायचं. ती भाकर त्याच गाडग्यात खायची आणि तेच गाडगं डोक्यावर टोपीसारखं घालायचं. लोकांनीच त्यांना गाडगेबाबा केलं. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटकी बांगडी. रात्री गाव गोळा झालं की कीर्तन. कीर्तन म्हणजे संस्कृत श्लोकांचं नाही, आपल्या रोजच्या वऱ्हाडीतलं. ते लोकांना नुसते प्रश्न विचारत जायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. आपले काही सर व्हायव्हामध्ये करतात तसंच, फक्त इथे मार्क कापले जात नसत!

त्यांचे बरेच प्रश्न मुक्या जिवांबद्दल असत. त्या काळी जत्रेत देवापुढे कोंबडी-बकरी कापण्याची चाल सगळीकडे होती. नवस देवाचा आणि मान मात्र बकऱ्याची. बाबा विचारायचे की तो बकरा देवाचंच लेकरू ना, मग बापासमोर लेकरू कापलं तर बाप खूश होईल का. लोक हसायचे, मग गप्प व्हायचे. अनेक ठिकाणी बळी देणं बंद झालं. कायद्याच्या धाकाने नव्हे. माणसं लाजून थांबली.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते त्यांच्या बांधकामांनी. आपण इंजिनिअर होणार ना! ऋणमोचन हे पूर्णेच्या काठावरचं गाव, पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. लोक चिखलातून नदीत उतरायचे, घसरायचे, पडायचे. १९०८ च्या सुमारास बाबांनी तिथे घाट बांधायला घेतला. १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली. अस्पृश्य म्हणून ज्या वारकऱ्यांना कोणी पडवीतही उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी. १९२५ मध्ये मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय उभं केलं. नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. १९५४ मध्ये मुंबईला जे. जे. हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. म्हणजे बघा, हा माणूस पोथीतली दया सांगून थांबला नाही. तहान दिसली की पाणपोई, थंडी दिसली की छप्पर, पाय घसरताना दिसला की पायऱ्या. प्रॉब्लेम स्टेटमेंट आणि सोल्युशन!

आणि एवढं सगळं बांधून त्यांच्या मालकीचं काय? काहीच नाही. लाखो रुपये हातातून गेले, पण स्वतःच्या धर्मशाळेत ते राहिले नाहीत, नातेवाइकांना राहू दिलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली करून टाकली. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी चेला नाही, हे ते सांगत राहिले. पाया पडायला आलेल्याला चुकवून निघून जायचे. ज्वारीच्या वावरात त्या साधूने विचारलेला प्रश्न त्यांनी असा आयुष्यभर जगून सोडवला. दाण्याचा मालक मी नाही, इमारतीचा नाही, माणसांचा तर नाहीच नाही.

दुःख त्यांना चुकलं नाही. १९२३ साली एकुलता एक मुलगा गोविंदा गेला. बातमी आली तेव्हा ते कोकणात कीर्तनात उभे होते. कीर्तन त्यांनी मध्येच थांबवलं नाही, असं सांगतात. हे वाचताना मला आधी ते कठोर वाटले. मग वाटलं, समोर बसलेली एवढी माणसं, त्यांनी आपापली दुःखं घेऊन कुठे जायचं? असो. हे समजायला माझं वय लहान आहे.

८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस स्टेशनमध्ये त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले, आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, आपल्या अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. घर सोडलेला माणूस शेवटी रस्त्यावरच गेला. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे. आपल्यातले कितीतरी जण रोज त्या भागातून ये-जा करतात. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं आणि आपल्या मार्कशीटवर आलं.

गाडगेबाबांचा दहा कलमी संदेश तुम्ही कुठेतरी फलकावर पाहिला असेल. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, आजाऱ्याला औषध, बेकाराला काम, गरिबांच्या मुलामुलींची लग्नं, खचलेल्याला हिंमत. आणि यांच्याच रांगेत पशू, पक्षी आणि मुक्या प्राण्यांना अभय. आजीने ही गोष्ट संपवताना मला फक्त या एका शब्दाचा अर्थ विचारला. अभय म्हणजे काय गं पोरी? मी म्हटलं, स्वातंत्र्य. ती म्हणाली की नाही, अभय म्हणजे भीती नसणं. आणि मग तिने मिठूचं नाव न घेता विचारलं की त्या दुपारी निंबावर त्याला भीती वाटली असेल की नसेल.

त्या रात्री मी खूप रडले. पण रडताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मी आजीला दुसऱ्या दिवशी सांगितली. भीती मिठूला त्या दुपारीच वाटली असं नाही. ज्या दिवशी कोणीतरी झाडाच्या ढोलीत हात घालून त्याला आईपासून उचललं, त्या दिवशीही वाटली असेल. पंख कापले तेव्हाही. आजीने त्याला नऊ वर्षं माया लावली, पण त्या मायेची सुरुवातच चोरीच्या मालातून झाली होती. आजीला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपला देशी पोपट पकडणं, विकणं आणि पाळणं, तिन्ही गुन्हे आहेत. घरी असा पोपट असेल तर माझ्यासारखं दार उघडून मोकळं व्हायचं नसतं. वनविभागाकडे द्यायचा असतो. तिथून तो पक्ष्यांच्या उपचार केंद्रात जातो, मोठ्या जाळीत इतर पोपटांबरोबर राहतो, पंखांत ताकद येते आणि मग त्याला सोडतात. म्हणजे मी जे दोन सेकंदांत केलं त्याला कित्येक आठवडे लागतात. दार उघडणं सोपं होतं. गाडगेबाबांनी घाट बांधला तसं काहीतरी आधी बांधायचं असतं, ते मी केलं नाही.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने खुंटीवरचा पिंजरा काढला आणि भंगारवाल्याला दिला. आमच्या दोघींचं भांडण असं मिटलं. दोघींचीही थोडी थोडी चूक निघाली.

आता हे सगळं मी कॉलेजच्या अंकात का लिहिते आहे? तर आमच्या हॉस्टेलमध्ये सध्या वर्गणी गोळा होते आहे. कॉमन रूममध्ये लव्हबर्डची जोडी आणायची आहे. मी वर्गणी दिली नाही म्हणून मला चिंगूस हे नवीन नाव पडलं आहे. मैत्रिणींचे मुद्दे मी मांडते, अन्याय नको. लव्हबर्ड म्हणून दुकानात मिळतात ते बहुतेक बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांना पाळायला आपल्या कायद्याची बंदी नाही. त्यांचा जन्मच पिंजऱ्यात झालेला असतो. अकोल्या-अमरावतीच्या पंचेचाळीस डिग्रीत बाहेर सोडले तर दोन दिवस जगणार नाहीत. पिंजऱ्यात वेळेवर दाणा, पाणी, शिकऱ्याची भीती नाही, कावळ्याची नाही. मग वाईट काय?

हे सगळं खरं आहे आणि ज्यांच्या घरी असे पक्षी आधीच आहेत त्यांनी माझ्यासारखा शहाणपणा करून दार उघडू नये, हात जोडून सांगते. मोठा पिंजरा द्या, जोडी तोडू नका, सावली द्या, शेवटपर्यंत सांभाळा. जो जीव आपल्यामुळे परावलंबी झाला त्याला वाऱ्यावर सोडणं हे अभय नाही. पण नवीन जोडी विकत आणणं ही वेगळी गोष्ट आहे. आपण एक जोडी उचलली की दुकानातली रिकामी जागा भरायला आणखी एक जोडी पिंजऱ्यात जन्माला घातली जाते. उडायला पंख असलेला जीव, आणि त्याचं अख्खं आयुष्य दीड फुटात. आपल्याला कंटाळा येतो म्हणून! आणि मे महिन्यात आपण सगळ्या घरी जाऊ तेव्हा दाणापाणी कोण घालणार, हे अजून कोणीच सांगितलेलं नाही.

२०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मत नोंदवलं होतं की पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे आणि त्यांना पिंजऱ्यात कोंडण्याचा हक्क कोणालाही नाही. न्यायाधीशांनी कायद्याची पुस्तकं चाळून जे लिहिलं, त्याच्या जवळपास दापुऱ्याच्या वावरातला एक निरक्षर पोरगा गोफण हातात घेऊन पोचला होता. मालक कोण, एवढाच तो प्रश्न आहे. दुकानदाराला पैसे दिले म्हणून मी त्या पाखराची मालक होते का?

मला एक गोष्ट नेहमी गमतीची वाटते. पिंजऱ्यातही छप्पर, दाणा, पाणी असतं आणि धर्मशाळेतही छप्पर, अन्न, पाणी असतं. मग गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि कोणी त्यांना तुरुंग म्हटलं नाही, ते का? कारण धर्मशाळेची कडी आतून असते. थकलेला माणूस येतो, निजतो, सकाळी आपल्या वाटेने जातो. आपल्या हॉस्टेलची कडी रात्री साडेआठनंतर बाहेरून लागते तेव्हा आपण रेक्टर मॅडमवर किती चिडतो ते आठवा! (मॅडम, हे फक्त उदाहरण आहे.)

तर माझी सूचना अशी आहे. जमलेल्या वर्गणीतून मातीची दहा-बारा गाडगी आणि परळं घेऊ. गच्चीवर आणि गॅलरीत टांगू. एकात पाणी, एकात ज्वारी. भरायची पाळी रूमप्रमाणे लावू आणि सुट्टीतलं काम मेसच्या मावशींना विचारून ठरवू. मी मागच्या महिन्यापासून माझ्या खिडकीत एक गाडगं ठेवलं आहे. पहिले आठ दिवस कोणी फिरकलं नाही. आता सकाळी दोन साळुंक्या येतात, आंघोळ करून सगळं पाणी सांडून ठेवतात. परवा एक पोपट येऊन बसला. मी श्वास रोखून जागीच उभी राहिले. मोबाईल टेबलावर होता, पण मी तो घ्यायला गेले नाही. त्याने पाणी प्यायलं, माझ्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि गेला.

पुन्हा आला नाही अजून. आला तर ठीक, नाही आला तरी गाडगं भरून ठेवते.